तारीख ठरलेला शेवट

शनीभोवती फिरणारं नासाचं कॅसिनी यान संपलं ते १५ सप्टेंबर २०१७ च्या शुक्रवारी. आपल्याकडे संध्याकाळचे ५ वाजून २५ मिनिटं झाली होती, तिकडे कॅलिफोर्नियात पहाटेचे पाचसुद्धा वाजले नव्हते, आणि खरं सांगायचं तर तोवर ते संपून तासाच्या वर होऊन गेला होता. शनीपासून पृथ्वीपर्यंत सिग्नल यायलाच तेव्हा ८३ मिनिटं लागत होती.

मी ऑफिसात होतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात बारकी विंडो उघडून नासाचं लाइव्ह लावलेलं, आवाज बंद. शेजारच्याने डोकावून विचारलं मॅच आहे का, म्हटलं नाही रे, एक यान पाडतायत. मुद्दाम? हो, मुद्दाम. बंद पडलंय का? नाही, चालू आहे, कालसुद्धा फोटो पाठवलेत त्याने. मग पाडतायत कशाला?

आता ह्याचं उत्तर दोन वाक्यात कसं द्यायचं. मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि तो चहाला निघून गेला. नंतर हाच प्रश्न मला घरीसुद्धा विचारला गेला, जास्त कडक शब्दात, ते पुढे येईलच.

कॅसिनी सुटलं ऑक्टोबर १९९७ मध्ये. साडेपाच टनांच्या वर वजन, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त नुसतं इंधन. एवढं धूड सरळ शनीकडे फेकू शकेल असं रॉकेट नव्हतं, म्हणून ते आधी उलट्या दिशेला, शुक्राकडे गेलं. शुक्राला दोनदा वळसा, मग १९९९ च्या ऑगस्टमध्ये परत पृथ्वीच्या जवळून, मग गुरू, असं प्रत्येकाकडून थोडा थोडा वेग घेत घेत सात वर्षांनी २००४ मध्ये शनीला पोचलं. शनीजवळ सूर्यप्रकाश इतका कमी की त्या काळच्या सोलर पॅनलचा उपयोग नव्हता, त्यामुळे आत ३३ किलोच्या आसपास प्लुटोनियम भरलेलं, त्याच्या उष्णतेवर वीज. उड्डाणाच्या वेळी ह्या प्लुटोनियमवरून अमेरिकेत मोर्चे निघाले होते, रॉकेट फुटलं तर काय म्हणून. रॉकेट फुटलं नाही आणि लोक विसरले, पण ते प्लुटोनियम वीस वर्षांनी वेगळ्याच कारणाने गोष्टीत परत येतं.

त्याच्या पाठीवर बसून युरोपचं हॉयगन्स नावाचं छोटं यान गेलं होतं, टायटन ह्या शनीच्या सगळ्यात मोठ्या चंद्रावर उतरायला. बोरिस स्मेड्स म्हणून युरोपियन स्पेस एजन्सीतला एक इंजिनियर, तो २००० साली हट्टाने कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या अँटेनावर जाऊन बसला आणि हॉयगन्सचा सिग्नल वेगामुळे जसा बदलेल तसा बदलून थेट वाटेतल्या कॅसिनीकडे पाठवून बघितला. कॅसिनीवरच्या रिसीव्हरला तो झेपेना. म्हणजे टायटनवर उतरताना हॉयगन्स जीव तोडून बोललं असतं आणि कॅसिनीला त्यातलं बरंचसं कळलंच नसतं. यान तर निघून गेलेलं, हार्डवेअर कोण बदलणार? मग कॅसिनीचा रस्ताच बदलला, दोघांमधला सापेक्ष वेग कमी होईल असा. जानेवारी २००५ मध्ये हॉयगन्स अडीच तास पॅराशूटने खाली येऊन उणे १७९ डिग्रीत जमिनीवर टेकलं आणि टेकल्यावरही बोलत राहिलं. (एवढं होऊन एका चॅनलचा रिसीव्हर चालू करायची कमांडच राहून गेली होती आणि साधारण साडेतीनशे फोटो गेले ते गेलेच. असो. हे वाचलं की आमच्या ऑफिसातल्या रिलीजच्या रात्री जरा माफ कराव्याशा वाटतात.)

शनी आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतो तो वेगळ्या खात्यात. आत्याची वृश्चिक रास, २०१७ मध्ये तिची साडेसाती चालू होती आणि दर शनिवारी मारुतीला तेल जात होतं. मला त्या भानगडीत पडायचं नाही पण साडेसातीमागचं गणित मात्र एकदम खरं आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून एका राशीत अडीच वर्षं आणि तीन राशींची मिळून साडेसात. दुर्बीण नसताना लोकांनी पिढ्यान् पिढ्या बघून काढलेला हा हिशोब आहे. आता त्याच हिशोबात कॅसिनी बसवा. ते शनीपाशी तेरा वर्षं होतं, म्हणजे शनीचं अर्धं वर्षसुद्धा नाही. पोचलं तेव्हा तिथल्या उत्तर गोलार्धात हिवाळा होता, २००९ ला वसंत लागला आणि २०१७ च्या मे महिन्यात उन्हाळा माथ्यावर आला. उत्तर ध्रुवावर ढगांची एक प्रचंड षटकोनी आकृती आहे, खरोखर सहा बाजूंची, ती सुरुवातीला अंधारात होती आणि मग वर्षं जातील तसा तिच्यावर उजेड पडत गेला. एवढं हळू चालणारं काही बघायचं तर तिथे जाऊन मुक्कामच करावा लागतो, जाता जाता फोटो काढून भागत नाही.

पण माझ्यासाठी कॅसिनी म्हणजे एन्सेलाडस. हा शनीचा एक चंद्र, व्यास जेमतेम ५०० किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पूर्व-पश्चिम लांबीत सहज मावेल. पांढराशुभ्र बर्फाचा गोळा. इतका लहान की आत कधीच थिजून गेला असणार असं धरून चालण्यासारखं. २००५ च्या सुरुवातीला कॅसिनी त्याच्या जवळून गेलं तेव्हा चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणात काहीतरी वेडंवाकडं दिसलं, जणू त्या चंद्राभोवती हवा आहे. त्या टीमची प्रमुख मिशेल डोहर्टी, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातली, तिने पुढच्या फेरीला अजून जवळून जाऊ या म्हणून सगळ्यांच्या मागे लागून मंजुरी मिळवली. जुलै २००५ मध्ये यान १७३ किलोमीटरवरून गेलं. दक्षिण ध्रुवाजवळ चार लांबलचक भेगा, आजूबाजूपेक्षा गरम, आणि त्यातून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण शेकडो किलोमीटर वर उडतायत. आत समुद्र आहे. बर्फाच्या खाली सगळीकडे पसरलेला खारा समुद्र.

मला ह्यात सगळ्यात भारी काय वाटतं तर हा शोध कॅमेऱ्याने आधी लावला नाही. फोटो सगळ्यांना दिसतात, पण पहिली शंका आली ती ग्राफमधल्या एका वाकड्या रेषेवरून आणि ती रेष सोडून न देणाऱ्या एका बाईमुळे. बरं, ह्या फवाऱ्यांसाठी म्हणून कॅसिनीवर काहीच बसवलेलं नव्हतं, कारण बांधताना ते आहेत हेच कुणाला माहीत नव्हतं. जी उपकरणं होती तीच घेऊन ते फवाऱ्यात पुन्हा पुन्हा घुसलं. २०१५ मध्ये तर जमिनीपासून ४९ किलोमीटरवरून गेलं, आणि त्यात सापडलेल्या हायड्रोजनवरून समुद्राच्या तळाशी गरम पाणी आणि खडक ह्यांची प्रक्रिया चालू असणार असं २०१७ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं. पृथ्वीवर समुद्रतळाशी अशा जागी सूर्याशिवाय जगणारे सूक्ष्मजीव असतात.

आणि इथेच कॅसिनीचा निकाल लागला.

कारण इंधन संपलं की यान वळवता येत नाही, मग ते शनीभोवती भटकत राहणार आणि कधीतरी, पन्नास वर्षांनी म्हणा पाचशे वर्षांनी म्हणा, एखाद्या चंद्रावर आदळू शकतं. १९९७ मध्ये निघताना ते पूर्ण निर्जंतुक केलेलं नव्हतं, तशी गरज कुणाला वाटली नव्हती. पृथ्वीवरचे काही चिवट जंतू त्याच्या कोपऱ्याकपारीत जिवंत असण्याची शक्यता अगदी थोडी, पण शून्य नाही. त्यात ते प्लुटोनियम, जे अजून गरमच असणार. बर्फावर पडलं तर आजूबाजूला पाणी करून बसेल, म्हणजे जंतूंची सोय पण आपणच करून दिल्यासारखं. उद्या तिथे जीवसृष्टी सापडली आणि ती आपणच नेऊन टाकलेली निघाली तर? एन्सेलाडस तसाच मेलेला गोळा निघाला असता तर कॅसिनीला सोडून देता आलं असतं कदाचित. त्याने जे शोधलं त्यापासूनच त्याला लांब ठेवायची वेळ आली.

पर्याय बरेच बघितले होते म्हणे. शनी सोडून गुरूवर नेऊन आदळायचं, युरेनस-नेपच्यूनकडे पाठवून द्यायचं, खूप लांबच्या कक्षेत ठेवायचं. शेवटी २०१० मध्ये मोहीम वाढवली ती २०१७ पर्यंत, शेवट शनीतच, असं धरून. म्हणजे ह्या लोकांना सात वर्षं आधी माहीत होतं कधी संपणार, आणि उरलेलं इंधन सात वर्षांत वाटून वाटून वापरायचं होतं.

आता अण्णा. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये हेड मेकॅनिक होते, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. त्या शनिवारी पेपरात बातमी वाचून त्यांनी मला फैलावर घेतलं, जणू निर्णय मीच घेतला होता. "चालती गाडी दरीत ढकलतात होय रे? आम्ही स्क्रॅपला काढायच्या आधी दहा वेळा बघायचो, इंजिन काढून दुसऱ्या गाडीला लावायचो." मी जंतूंचं सांगितलं, समुद्राचं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही असं नाही, पण त्यांचा इंटरेस्ट दुसरीकडेच. "डिझेल किती उरलंय ते कसं कळतं त्यांना?" म्हटलं अण्णा, तेच तर. तिथे वजनच नाही म्हटल्यावर टाकीत इंधन तळाशी बसत नाही, आपल्यासारखी पट्टी घालून बघता येत नाही. किती वेळ इंजिन चाललं, टाकीत दाब किती आहे, ह्यावरून खर्च वजा करत जायचं, आणि वीस वर्षांचा तो हिशोब शेवटी शेवटी थोडा इकडेतिकडे होणारच. ह्यावर ते जरा शांत झाले. हिशोब मुळातच अंदाजाचा आहे म्हटल्यावर थोडं राखून थांबलं पाहिजे हे त्यांना लगेच कळलं. पुढे मी सांगितलं की कॅसिनी इंजिनावर कमी आणि टायटनवर जास्त चाललं, दर वेळी टायटनच्या जवळून जायचं, त्याच्या गुरुत्वाकर्षणाने दिशा आणि वेग बदलून घ्यायचा, अशा १२७ चकरा. "म्हणजे फुकटच्या डिझेलवर," अण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदाच नासाबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर आदर दिसला.

शेवटचा धक्कासुद्धा टायटननेच दिला, २२ एप्रिल २०१७ ला. त्यानंतर परतीचा रस्ता नव्हता, इंजिन चालू केलं नसतं तरी यान शेवटी शनीतच जाणार होतं. पण त्याआधी बावीस फेऱ्या मिळाल्या, शनी आणि त्याच्या सगळ्यात आतल्या कड्याच्या मधून, जिथे तोवर कुठलंच यान गेलं नव्हतं. जागा दोन-अडीच हजार किलोमीटरची. पहिल्या फेरीला चार मीटरची मोठी अँटेना पुढे करून ढालीसारखी धरली, आणि अँटेना तिकडे फिरवली म्हणजे पृथ्वीशी बोलणं बंद, जवळपास वीस तास. सिग्नल परत आला तेव्हा कळलं की मधे धूळच नाही, अपेक्षा होती त्यापेक्षा कितीतरी रिकामी जागा. ह्याच फेऱ्यांमधून कड्यांचं वजन निघालं, आणि ते इतकं कमी निघालं की कडी शनीएवढी जुनी नसून डायनासोरांच्या काळातली असावीत असं काही जण म्हणायला लागले. काहींना ते पटलेलं नाही, वाद चालू आहे. मुद्दा हा की हे धाडस एरवी कुणी करू दिलंच नसतं. चालत्या यानाला तिथे कोण पाठवेल? मरणारच आहे म्हटल्यावर परवानगी मिळाली. तारीख ठरली की माणसं कामाला लागतात हे आपण परीक्षेपासून लग्नापर्यंत बघतोच, पण इतक्या थंड डोक्याने सात वर्षं आधी ठरवून, शेवटच्या पाच महिन्यांसाठी सगळ्यात चांगलं काम राखून ठेवणं, हे मला जमलं नसतं.

शेवटच्या दिवशी कॅमेरा बंद होता. लोकांना वाटतं शेवटचा फोटो अगदी ढगात शिरतानाचा असेल, तर नाही. फोटोला जागा खूप लागते आणि तेवढा वेळ नव्हता, त्यामुळे १२ पैकी ८ उपकरणं चालू ठेवून शनीच्या हवेची चव घेत जे मिळेल ते त्याच क्षणी पृथ्वीकडे पाठवत राहायचं असं ठरलं. वेग ताशी १ लाख १३ हजार किलोमीटर. वातावरण लागल्यावर यान कलंडायला लागलं, अँटेना पृथ्वीकडे धरून ठेवण्यासाठी बारके थ्रस्टर सुरू झाले, मग जास्त, मग शेवटची वीसेक सेकंदं पूर्ण शंभर टक्के. त्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. अंदाजापेक्षा साधारण अर्धा मिनिट जास्त टिकलं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या अँटेनावर आधी एक्स-बँड गेला, त्याच्या मागोमाग एस-बँड, म्हणजे यानाचे दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सीचे रेडिओ सिग्नल. कंट्रोल रूममध्ये अर्ल मेझ, प्रोजेक्ट मॅनेजर, त्याने सगळ्यांचं अभिनंदन केलं, मोहीम संपली असं जाहीर केलं आणि मी आता नेटवरून, म्हणजे टीमच्या बोलायच्या लाइनवरून, जातोय म्हणून सांगितलं. मग ज्युली वेब्स्टर, जिने यान चालवणाऱ्या टीमचं काम बघितलं, तिला मिठी मारली. त्या खोलीतल्या कित्येकांची अख्खी नोकरी ह्या एका यानावर गेली होती.

माझी बाजू मी लपवत नाही. मला असा शेवट आवडतो.

अण्णांना नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये इस्रोने मंगळयान संपल्याचं सांगितलं तेव्हा आमचं परत वाजलं. मंगळयान सहा महिन्यांसाठी पाठवलेलं, ४५० कोटीत, आणि ते मंगळाभोवती साडेसात-आठ वर्षं चाललं. एप्रिल २०२२ मध्ये मंगळाच्या सावलीत जास्त वेळ राहावं लागलं आणि त्यानंतर संपर्क तुटला, इंधनही संपलं असावं असं इस्रोचं म्हणणं. जाहीर झालं सहा महिन्यांनी. "हे बरं," अण्णा म्हणाले, "चालली तोवर चालली." मी म्हटलं अहो पण कुणाला कळलंसुद्धा नाही. शेवटचा सिग्नल आला तेव्हा तो शेवटचा आहे हे समोर बसलेल्यालाही माहीत नसणार, तो डबा उचलून घरी गेला असेल, उद्या बघू म्हणून. त्यावर अण्णा म्हणाले, मग काय झालं? आणि मला काही सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही, फक्त पटत नाही एवढंच.

एखादं यान गप्प होताना ऐकणं हे काही फक्त पासाडेनाची, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या त्या कंट्रोल रूमची, मक्तेदारी नाही. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० अँटेना. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापारेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं तेव्हा त्याचा बारीकसा सिग्नल थेट पकडायचं काम ह्या अँटेनांनी केलं, आणि उतरायच्या थोडं आधी तो बंद झाला हेसुद्धा इथेच आधी दिसलं. बाहेर शेतात टोमॅटो आणि द्राक्षं, आणि आत लोक मंगळावरचा अपघात ऐकतायत. त्यात ठरवलेलं काहीच नव्हतं, ते यान अवघ्या काही महिन्यांचं होतं.

कॅसिनीचा डेटा साधारण ६३५ जीबी आहे, आता मोबाइलमध्येसुद्धा मावेल कदाचित. त्यातून अजून नवीन काही काही निघतंय. २०२३ मध्ये फ्रँक पोस्टबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांना जुन्या मोजमापांत एन्सेलाडसच्या बर्फकणांमध्ये फॉस्फेट सापडलं. २०२५ मध्ये नोझैर ख्वाजा आणि इतरांनी २००८ सालच्या एका फेरीतले ताजे कण पुन्हा तपासून त्यात अजून सेंद्रिय पदार्थ दाखवले. म्हणजे २००८ मध्ये यान फवाऱ्यातून गेलं, २०१७ मध्ये स्वतः वाफ होऊन गेलं, आणि उत्तर आलं २०२५ ला. अण्णांच्या भाषेत इंजिन काढून दुसऱ्या गाडीला लावलं ते हेच असावं, हा मुद्दा अजून त्यांच्यासमोर मांडायचा आहे.

लिंडा स्पिल्कर म्हणून कॅसिनीची प्रोजेक्ट सायंटिस्ट होती, ती १९७७ मध्ये नोकरीला लागली तेव्हा पहिलं काम मिळालं होतं व्हॉयेजरचं, म्हणजे त्याच वर्षी सुटलेल्या दोन यानांचं. कॅसिनी संपल्यावर काही वर्षांनी, २०२२ मध्ये, ती परत व्हॉयेजरवर प्रोजेक्ट सायंटिस्ट म्हणून गेली. तिथे सगळं उलटं. ठरलेली तारीख नाही, आदळायला ग्रह नाही, दरवर्षी वीज चारेक वॅटने कमी होते आणि मग बसून ठरवायचं की आता कुठलं उपकरण बंद करायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत व्हॉयेजर १ वरचं वैश्विक किरण मोजणारं एक बंद केलं, मार्चमध्ये व्हॉयेजर २ वरचं अजून एक. दोन्ही प्रकारचे शेवट जवळून बघणारी ती एकटीच माझ्या माहितीत आहे, आणि अण्णांचं बरोबर की माझं हे विचारायचंच झालं तर तिलाच विचारावं लागेल.